सुपडाबाईचा पदर

एकोणीसशे सदुसष्ट सालचा एप्रिल. सर्जरीच्या प्रॅक्टिकलला दोन दिवस उरले होते, आणि लेडीज हॉस्टेलच्या अकरा नंबरच्या खोलीत मालू आठल्ये डोक्याला ओला पंचा गुंडाळून, कॉटवर मांडी घालून बसली होती आणि माझ्याकडून थायरॉइडच्या कॅन्सरच्या चार जावा घोकून घेत होती.

"थोरली कोण?"

"पॅपिलरी."

"स्वभाव?"

"गरीब. सावकाश वाढते. तरुण वयातही येते."

"आणि खोड काय तिची?"

"शेजारी जाऊन बसते. मानेतल्या लिम्फच्या गाठींत."

"नुसतं शेजारी जाऊन बसते नाही, शरयू. कधी कधी स्वतःच्या घरात पत्ताच लागत नाही तिचा. शेजारणीच्या ओसरीवर सापडते. मानेच्या कडेला एक टणक गाठ, बास. तीच पहिली खूण. दुसरी?"

"फॉलिक्युलर. शेजारी जात नाही. लांबच्या गाडीनं जाते. रक्तातून. हाडांत, फुफ्फुसात."

"तिसरी?"

"मेड्युलरी. माहेरचं गणगोत घेऊन येते. आईला असली तर लेकीलाही बघायचं."

"धाकटी?"

"ॲनाप्लास्टिक. म्हातारपणी येते आणि महिन्या-दोन महिन्यांत गळा आवळते."

"पास," मालू म्हणाली. "आता मला सांग, वीस वर्षांची जुनी, साधी गाठ असलेली बाई आली. निर्धास्त राहशील?"

"नाही. जुन्या गाठीच्या घरातही जावा येतात."

"ते कोण म्हणालं?"

"तू म्हणालीस. मंगळवारी."

मालू हसली. ती माझ्या मागच्या वर्गातली, दर वर्षी पहिली येणारी, आणि मी ऑक्टोबरमध्ये सर्जरीत नापास झालेली. म्हणून या खेपेला आम्ही दोघी एकाच वेळी बसत होतो. ती पहिल्यांदा, मी दुसऱ्यांदा. पुस्तकातली चार पानं चार वेळा वाचूनही माझ्या लक्षात राहत नसत. मालूनं ती एका दुपारी चार जावांत बसवली, आणि मग ती मला जन्मभर विसरता आली नाहीत.

माझ्या पुस्तकात खूण म्हणून बाबांचं पोस्टकार्ड होतं. बाबा महाडला मामलेदार कचेरीत कारकून. त्यांनी लिहिलं होतं, "या खेपेस उत्तीर्ण झालीस तर पुढचं पुढे पाहू. न झाल्यास पेणच्या मंडळींना होकार कळवावा लागेल. ते वैशाखापर्यंतच थांबणार आहेत." पेणच्या मंडळींना डॉक्टर सून नको होती. डॉक्टरकी अर्धवट सोडलेली चालणार होती.

मालूनं ते कार्ड वाचलं होतं. तिनं ते परत पुस्तकात ठेवलं आणि म्हणाली, "चल, परत थोरलीपासून."

परीक्षेच्या दिवशी चार नंबरचा वॉर्ड रिकामा करून तिथं पांढरे पडदे लावले होते. पडद्यामागे एकेक पेशंट. आम्ही बाहेर व्हरांड्यात बाकावर. एकेकाला आत बोलवायचे, पेशंट तपासायला सहा मिनिटं द्यायचे, मग घंटा व्हायची आणि दोन परीक्षक पडद्याआड येऊन प्रश्न विचारायचे. एक आमचे डॉक्टर उकिडवे, कॉलेजचे सर्जरीचे प्रमुख. दुसरे बाहेरचे, मुंबईहून आलेले डॉक्टर लोटलीकर. लहानखुरे, हळू बोलणारे. त्यांच्याबद्दल कुणालाच काही माहिती नव्हती, आणि त्याचीच सगळ्यांना भीती होती.

आतून बाहेर पडणाऱ्यानं बाकावरून जाताना पेशंट कोण आहे ते पुटपुटायचं, ही रीत होती. सगळे परीक्षक ती जाणून होते. तेही कधीकाळी त्याच बाकावर बसले होते.

मालू माझ्या तीन नंबर आधी आत गेली. बाहेर आली तेव्हा रुमालानं हात पुसत होती. चालता चालता माझ्यापाशी जराशी थांबली.

"डावीकडचा पडदा. सुपडाबाई आहे."

"खरंच?"

"ठरलेलं सांग आणि बाहेर पड," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेली. हात अजून पुसतच होती.

सुपडाबाई म्हणजे पास होणं. तिला ओळखत नाही असा विद्यार्थी आमच्या कॉलेजात नव्हता. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची, केळीच्या बागेत राबणारी बाई. गळ्यावर कवठाएवढी गाठ. त्या मुलखात अशी गाठ पुष्कळांना असते. पाण्यात, मिठात आयोडीन कमी. पण सुपडाबाईच्या गाठीसारखी सुबक, पुस्तकातल्या चित्रासारखी गाठ दुसरी नव्हती. नऊ वर्षं, दर परीक्षेला, उकिडवे सर तिला पत्र घालून बोलावत. येण्याजाण्याचं भाडं, दोन दिवस वॉर्डात खाट आणि दोन वेळचं जेवण. ऑपरेशनचं कुणी काढलं की ती म्हणायची, दुखत नाही तर कापता कायले. आणि सरांनीही कधी फार आग्रह केला नाही. घरून निघताना ती शेजारणींना म्हणे सांगायची, "डाक्टरांची परीक्षा घ्याले चालली मी."

त्यात खोटं फारसं नव्हतं. नऊ वर्षांत ती आमच्याइतकंच शिकली होती. मागे उभं राहून हात लावला की हनुवटी आपोआप खाली. पाण्याचा पेला पुढे केला की सांगण्याआधी घोट. आणि अडलेल्याला हळूच उत्तर.

मी पडद्याआड गेले. ती स्टुलावर बसली होती. डोक्यावरून घेतलेला पदर गळ्याभोवती आणून डाव्या मुठीत धरलेला.

"कोन, टिपनीसबाई काय व? दिवाळीच्या टायमाले रडत गेली ती तूच ना?"

"मीच."

"या टायमाले पास होऊन जाय, माय. बारा वरीस झाले म्हन. दुखत नाही म्हन. पानी पेलं का वर सरकते म्हन."

"मला बघू तरी द्या, सुपडाबाई."

"बघ की. समोरून बघ, मंग मांगून बघ. सुरुवात मांगून केली का लोक मार्क कापतात."

मी समोरून बघितलं. मग मागे जाऊन दोन्ही हातांची बोटं गाठीवर ठेवली. मऊ, गुळगुळीत, कडा नीट. तिनं घोट घेतला, गाठ वर सरकली. सगळं पाठ असल्यासारखं. वेळ उरला होता म्हणून मी मालूनं शिकवलेल्या क्रमानं बोटं मानेच्या कडेनं नेली. उजवीकडे काही नाही. डावीकडे पदर होता. मी पदराखाली बोटं घातली, मोठ्या स्नायूच्या मागे, आणि ती थांबली.

हरभऱ्याहून थोडी मोठी. टणक. कच्च्या बोरासारखी. त्याखाली दुसरी एक, लहान.

सुपडाबाईनं पदर ओढला. माझी बोटं पदराबरोबर बाहेर आली.

"तिथं काही नाही. गाठ इकडं हाये," ती म्हणाली.

"ही कधीपासून आहे?"

"काही नाही म्हटलं ना. येते, जाते."

"सुपडाबाई."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत तिनं कुणाकडे असं पाहिलं नसेल. "परीक्षा दे तुही," ती हळूच म्हणाली. "पास हो अन् जाय."

घंटा झाली.

दोघे परीक्षक आत आले. उकिडवे सर प्रसन्न दिसत होते. स्वतःच्या पेशंटचा माणसाला अभिमान असतो, तसे. बोलणं इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगते.

"काय सापडलं?" लोटलीकरांनी विचारलं.

मी सांगितलं. बारा वर्षांची गाठ, दुखत नाही, गिळताना वर सरकते, मऊ, नाडी शांत, श्वासनलिका मध्ये. माझा आवाज मलाच चांगला वाटत होता.

"मानेतल्या लिम्फच्या गाठी?"

सुपडाबाईची मूठ पदरावर होती. मला पुस्तकातलं पोस्टकार्ड दिसलं, बाबांचं तिरपं अक्षर दिसलं.

"हाताला लागत नाहीत, सर."

उकिडवे सरांनी मान हलवली.

"निदान?"

"साधा गलगंड."

"कॅन्सर नाही कशावरून?"

मी कॅन्सर नसण्याची सहा कारणं सांगितली. त्यातलं चौथं कारण होतं, मानेत गाठी नाहीत. ते बोलताना मी सुपडाबाईकडे पाहिलं नाही.

"छान," उकिडवे सर म्हणाले. "जा तुम्ही."

लोटलीकरांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. मी नमस्कार केला, पडदा ओलांडला आणि वॉर्डाच्या दाराशी गेले. दाराला जाळी होती आणि जाळीपलीकडे बाकावरची मुलं माझ्याकडे बघत होती. कोण आहे ते सांगावं म्हणून. मला फक्त "सुपडाबाई, साधी गाठ" एवढंच म्हणायचं होतं. मग पुढचा आत येणार आणि तेच म्हणणार. त्याच्यापुढचाही. आणि संध्याकाळी सुपडाबाई भाडं घेऊन, केळीच्या बागेत परत जाणार.

दाराची कडी माझ्या हातात होती. किती वेळ होती ते मला आठवत नाही. बाकावरचा एक जण म्हणाला, "काय झालं, टिपणीस?"

मी परत फिरले.

दोघं अजून पडद्यापाशीच होते. मी मराठीतच बोलले. सुपडाबाईला कळावं म्हणून की इंग्रजी सुचलं नाही म्हणून, ते माहीत नाही.

"सर, मी मघाशी सांगितलं ते बरोबर नव्हतं. डावीकडे दोन गाठी लागतात."

उकिडवे सरांचा चेहरा बदलला. "मिस टिपणीस, ही पेशंट नऊ वर्षं माझ्याकडे आहे."

"हो, सर."

"नऊ वर्षांत मी हिची मान शंभर वेळा तपासली आहे."

"सर, या वर्षी?"

हा प्रश्न मी उद्धटपणे विचारला नव्हता. पण तो ऐकून सर माझ्याकडे बघायचे सोडून सुपडाबाईकडे बघू लागले. या वर्षी सरांनी फक्त पत्र घातलं होतं. सगळ्यांनाच सुपडाबाई माहीत होती. माहीत असलेल्या बाईला कोण तपासणार?

लोटलीकर स्टुलाजवळ गेले. "बाई, पदर जरा सोडता का?"

सुपडाबाईनं मूठ घट्ट केली. "काही नाही तिथं, साहेब. ही पोरगी घाबरेल हाये. दिवाळीले बी रडली होती."

"मी नुसता हात लावतो."

"सुपडाबाई," मी म्हटलं, "सोडा."

"सोडला तर पुढच्या साली मले कोन बलावनार?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमाले एक परीक्षा नाही झाली तर दुसरी हाये. मले हीच एक हाये."

मी तिच्या पायाशी बसले आणि तिची मूठ दोन्ही हातांत धरली. बराच वेळ धरली. मग ती आपणहून सैल झाली.

लोटलीकर तिच्या मागे उभे राहिले. त्यांची बोटं डावीकडे गेली आणि थांबली. ते बाजूला झाले आणि उकिडव्यांना म्हणाले, "तुम्ही बघा."

उकिडवे सरांनी हात लावला. मग चष्मा काढून खिशात घातला आणि पुन्हा हात लावला. मी सरांना पाच वर्षं पाहत होते. एवढा वेळ त्यांची बोटं एकाच जागी मी कधी पाहिली नव्हती.

"सुपडाबाई," ते म्हणाले, "मागच्या खेपेला होतं का हे?"

"दिवाळीनंतर आलं. लहान होतं."

"मला पत्र का नाही घातलंत?"

"तुमीच पत्र घालता, साहेब. मी कशी घालू?"

लोटलीकर माझ्याकडे वळले. आता तेही मराठीत बोलत होते, मुंबईच्या सारस्वती मराठीत. "मघाशी तपासताना लागल्या होत्या तुम्हाला गाठी?"

"हो."

"मग लागत नाहीत असं का सांगितलंत?"

"पास व्हायचं होतं, सर."

त्यांनी हातातल्या कागदावर आधी लिहिलेला आकडा खोडला आणि दुसरा लिहिला. मी समोरच उभी होते. त्यांनी तो लपवला नाही.

"ज्याला गाठ लागत नाही, त्याला मी शिकवू शकतो," ते म्हणाले. "लागलेली गाठ जो गिळतो, त्याला सहा महिने विचार करायला द्यावे लागतात. ऑक्टोबरात या. मीच असेन."

"लोटलीकर, ती परत आली," उकिडवे सर म्हणाले.

"आली म्हणून सहाच महिने."

आठवड्यानं निकाल लागला. मालू पहिली आली, सर्जरीत डिस्टिंक्शनसह. माझ्या नंबरापुढे रिकामी जागा होती. मालूनं मला जवळ घेतलं आणि ती माझ्याहून जास्त रडली. मला वाटलं, माझ्यासाठी.

सुपडाबाईचं ऑपरेशन उकिडवे सरांनी स्वतः केलं, साडेपाच तास. थोरली जाऊच निघाली. गाठीच्या डाव्या बाजूला, आत खोल, वाटाण्याएवढ्या घरात बसलेली, आणि शेजारी पाच ठिकाणी जाऊन आलेली. सगळं काढता आलं.

सहाव्या दिवशी मी वॉर्डात गेले. महाडला जायची गाडी संध्याकाळी होती. ट्रंक बांधून झाली होती. सुपडाबाई उशीला टेकून बसली होती. गळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी. आवाज घोगरा झाला होता. तो पुढे तसाच राहिला.

"आलीस?" ती म्हणाली. "मही नोकरी घालवली अन् तुही बी घालवली."

"दुखतं का?"

"आता दुखते. आधी दुखत नव्हतं." थोड्या वेळानं ती म्हणाली, "बस. उभी कायले राहते?"

मी खाटेच्या कडेला बसले. ती माझ्या हाताची बोटं बघत होती.

"तुले एक सांगू? तुह्याआधी सहा जनांनी हात लावला त्या दिशी. चौघांनी नुसता इथं लावला," तिनं पट्टीच्या मधोमध बोट दाखवलं, "अन् दोघांचा हात तिथं गेला. एकाले समजलंच नाही. बोटं तशीच पुढं गेली. पन एकीची थांबली. हात थांबला का मले कळते. इतक्या सालांचे हात हायेत."

"एकीची?"

"तुही ती चष्म्यावाली. उंच. तुह्यासंगं राहते ती."

मी खाटेवरची चादर सारखी केली.

"मी पदर ओढला," सुपडाबाई म्हणाली. "तिनं ओढू दिला."

वॉर्डातल्या भिंतीवरचं घड्याळ साडेतीनला आलं होतं. पाचला माझी गाडी होती, आणि मालू मला पोचवायला येणार होती.

ती आली. ट्रंकेची एक कडी तिनं धरली, एक मी. रिक्षात ती म्हणाली, "ऑक्टोबरसाठी माझ्या सगळ्या वह्या घेऊन जा." मी म्हटलं, "बरं." मला तिला विचारता आलं असतं. पण मीसुद्धा आधी ओढूच दिला होता. दारापर्यंत जाऊन मी परत आले, एवढाच काय तो फरक. त्या काही पावलांचं भांडवल करून मालूला जाब विचारावा असं मला वाटलं नाही. गाडी सुटेपर्यंत आम्ही आंब्यांविषयी बोललो.

महाडला माझ्याआधी एक पाकीट पोचलं होतं. आत उकिडवे सरांचं बाबांना पत्र. चार ओळी. "आपली कन्या नापास झाली ती सर्जरी येत नाही म्हणून नव्हे. नऊ वर्षं ओळखीच्या पेशंटमध्ये मी जे पाहिलं नाही, ते तिनं पाहिलं. तिला ऑक्टोबरला पाठवावं, ही विनंती नसून माझी गरज समजावी." बाबांनी ते दोनदा वाचलं आणि पेणच्या मंडळींना नकार कळवला. ते पत्र त्यांच्या पश्चात देवघरातल्या फळीवर सापडलं.

ऑक्टोबरात लोटलीकर होते. त्यांनी मला हर्नियाची केस दिली, पंचवीस मिनिटं छळलं आणि पास केलं. बाहेर व्हरांड्यात मुलांच्या बाकावर सुपडाबाई बसली होती, गळ्याची शिवण उघडी टाकून, पदर खांद्यावर. तपासणीला आली होती. "काय झालं?" तिनं घोगऱ्या आवाजात विचारलं. मी मान हलवली. "मंग चल," ती म्हणाली, "मले सरकारी जेवन नाही यंदा. काही खायाले घाल."

ती पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. रोज सकाळी एक गोळी घ्यायची. शेवटची सात-आठ वर्षं ती गोळी नातू हातावर ठेवायचा, असं तिच्या मुलानं मला कळवलं. गेली ती म्हातारपणानं.

उकिडवे सरांनी त्या वर्षापासून परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येक पेशंट स्वतः तपासायची पद्धत पाडली. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी ते गेले. लोटलीकर मला पुन्हा भेटले नाहीत. ते गेल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचली. मी महाडजवळच्या तालुक्याच्या गावी दवाखाना काढला आणि चाळीस वर्षं चालवला. लग्न केलं नाही. त्याला पेणचं कारण नव्हतं.

मालू मोठी झाली. पुण्याला सर्जरीची प्राध्यापक, मग विभागप्रमुख. आम्ही दिवाळीला पत्रं लिहायचो, पुढे फोन करायचो. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही आणि मी कधी काढलं नाही. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली.

गेल्या वर्षी डोळे दाखवायला गेले, तिथं एक तरुण सर्जन भेटली. आठल्ये मॅडमची शेवटच्या बॅचची विद्यार्थिनी. मी ओळख सांगितल्यावर ती खुलली. म्हणाली, मॅडम फार शिस्तीच्या, आणि थायरॉइड शिकवताना तर त्यांच्या त्या चार जावा.

"आणि परीक्षेत त्यांची एक विचित्र सवय होती," ती म्हणाली. "बाईपेशंट असली की मॅडम आधी स्वतः जाऊन तिचा पदर, ओढणी, जे असेल ते गळ्यापासून काढून खांद्यावर ठेवायच्या. प्रत्येक मुलाच्या आधी. पेशंटनं परत ओढून घेतलं की पुन्हा जाऊन खाली करायच्या. आणि तोवर घड्याळ सुरू करू द्यायच्या नाहीत. आम्ही हसायचो. एवढ्या मोठ्या बाई, आणि हे काम स्वतः करायच्या. का करायच्या, तुम्हाला माहीत आहे का?"

मी म्हटलं, "मुलांना नीट दिसावं म्हणून असेल."